एसीमधला कण मोजणारा सेन्सर: नवीन घेणाऱ्यांसाठी आणि घेतलेल्यांसाठी, पहिल्यापासून

हल्ली बऱ्याच एसींमध्ये हवेतले बारीक कण मोजणारा सेन्सर आतच बसवलेला येतो. पॅनलवर आकडा दिसतो नाहीतर हिरवा-पिवळा-लाल असा दिवा लागतो, आणि नवीन माणसाला प्रश्न पडतो की आता या आकड्याचं करायचं काय. कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, कोणी दर पाच मिनिटांनी बघून घाबरतं, आणि दोन्हीकडे सेन्सर फुकट जातो. नीट वापरला तर खरंच कामाची गोष्ट आहे ही, घरात दम्याचं किंवा ॲलर्जीचं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, वयस्कर कोणी असेल तर जास्तच. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय, ज्यांनी अजून एसी घेतला नाही त्यांच्यासाठीही आणि ज्यांच्या भिंतीवर तो आधीच लागलाय त्यांच्यासाठीही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. सेन्सर हवा साफ करत नाही, तो फक्त सांगतो. साफ करतो फिल्टर, आणि फिल्टरपर्यंत हवा खेचून आणतो आतला ब्लोअर. हे तीन वेगवेगळे भाग आहेत आणि तिन्ही सारखेच चांगले असतील असं अजिबात नाही, सेन्सर उत्तम आणि फिल्टर नावापुरता असंही असू शकतं, तेव्हा एसी तुम्हाला हवा खराब आहे हे बरोबर सांगेल आणि त्यावर काहीच करणार नाही. त्यामुळे आकडा किती दिसतोय यापेक्षा, वाढलेला आकडा किती वेळात खाली उतरतो हे बघायला शिका, माझ्या मते या सेन्सरचा सगळ्यात मोठा उपयोग तोच आहे. ते घरच्या घरी कसं मोजायचं ते पुढे सविस्तर सांगतो.

पायरी १: आकडा कशाचा आहे ते ओळखा

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पीएम १० मध्ये उडणारी धूळ, मातीचे कण वगैरे येतं, त्यातलं बरंचसं नाकाघशात अडकतं. पीएम २.५ फुप्फुसात खोलवर जातं आणि त्यातले एकदम बारीक कण रक्तातही उतरू शकतात, म्हणून सगळी काळजी मुख्यतः त्याची. काही एसी पीएम १ सुद्धा दाखवतात. हे आकडे एकमेकांच्या पोटात आहेत बरं का, पीएम १० मध्ये पीएम २.५ आलंच आणि त्यात पीएम १ आलंच, त्यामुळे तिन्हींची बेरीज करू नका.

मोजमाप असतं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे एक घनमीटर हवेत किती वजनाचे कण आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा आणखी कडक केल्या, पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ५ आणि २४ तासांची सरासरी १५, पीएम १० साठी अनुक्रमे १५ आणि ४५. या सरासऱ्या आहेत, म्हणजे कढईतून धूर आला आणि दहा मिनिटं आकडा ९० झाला तर लगेच आभाळ कोसळलं असं नाही, पण रात्रभर झोपेत ६० राहत असेल तर ते मनावर घ्यायला पाहिजे.

आता इथे नवीन लोक हमखास गोंधळतात. काही एसी सरळ मायक्रोग्रॅम दाखवतात, काही एक्यूआय दाखवतात, आणि काही तर कंपनीने स्वतः ठरवलेल्या पट्ट्यांनुसार नुसता रंग दाखवतात. एक्यूआय म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा, हिशोब करून काढलेला निर्देशांक आहे आणि प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी आहे. उदाहरण घ्या, पीएम २.५ समजा ६० मायक्रोग्रॅम आहे, तर भारताच्या मोजपट्टीवर तो एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक' गटाची वरची कड, आणि अमेरिकेच्या मोजपट्टीवर तोच १५० च्या वर जातो, म्हणजे सगळ्यांसाठीच अपायकारक. हवा तीच, फुप्फुसं तीच. त्यामुळे फोनवरच्या ॲपचा आकडा आणि एसीवरचा आकडा जुळत नाही म्हणून सेन्सरला दोष देण्याआधी दोघं नक्की काय दाखवतायत ते मॅन्युअलमध्ये बघा. सेटिंगमध्ये मायक्रोग्रॅमचा पर्याय असेल तर तोच लावा, तुलना करायला तोच सरळ पडतो.

पायरी २: सेन्सर कसा मोजतो आणि कुठे चुकतो

खिडकीतून आलेल्या कवडशात धुळीचे कण चमकताना दिसतात ना, सेन्सरच्या आत अगदी तेच चाललेलं असतं. छोट्या डबीतून हवा जाते, त्यात लेसरची बारीक किरणरेषा असते, कण त्यातून गेला की प्रकाश विखुरतो आणि बाजूचा प्रकाशग्राहक ती चमक टिपतो. चमकेवरून कणाचा आकार, आणि किती चमका आल्या त्यावरून संख्या. स्वस्त प्रकारात लेसरच्या जागी इन्फ्रारेड एलईडी असतो, तो धूर वाढला-कमी झाला एवढं सांगायला ठीक, पण बारीक फरक त्याला कळत नाहीत. घेताना शक्य असेल तर लेसरवाला बघा.

म्हणजे सेन्सर कणांचं वजन करतच नाही, तो प्रकाश मोजतो आणि कणांची घनता अमुक असेल असं धरून वजनाचा हिशोब लावतो. त्यामुळे चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे दमटपणा. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या पुढे गेली की बरेच कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच वर जातो. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावला की एसी लाल होतो तो त्याच्या तुषारांमुळे, आणि पाणी जड असेल तर तुषार सुकल्यावर क्षारांचे खरेच कण हवेत उरतात, म्हणजे तेव्हा सेन्सर पूर्ण खोटंही बोलत नसतो. दुसरं, साधारण ०.३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण या सेन्सरना दिसत नाहीत. तिसरं, जाड कण छोट्या डबीपर्यंत नीट पोचत नाहीत, त्यामुळे घरगुती सेन्सरचा पीएम १० हा बराचसा अंदाजच असतो, त्यावर फार विसंबू नका.

अचूकतेचं म्हणाल तर या वर्गातल्या एका बऱ्यापैकी वापरल्या जाणाऱ्या लेसर सेन्सरची कंपनी स्वतःच लिहिते की १०० मायक्रोग्रॅमपर्यंत दहा इकडे-तिकडे आणि त्यापुढे ५०० पर्यंत दहा टक्के इकडे-तिकडे. म्हणजे काल ८ होतं आज १४ झालं यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि शेजारच्यांकडे १२ आणि आपल्याकडे १९ यावर वाद घालण्यातही अर्थ नाही. पण २० वरून १२० झालं तर तो बदल खराच आहे. सेन्सरचा एकेक आकडा कच्चा असला तरी चढउतार दाखवायला तो पक्का असतो.

पायरी ३: घेण्याआधी हे विचारा

दुकानात सगळे सेन्सरबद्दल बोलतील, तुम्ही फिल्टरबद्दल विचारा. एसीत जी धुवायची जाळी असते ती केस, धागे, मोठी धूळ अडवते, तिचं मुख्य काम आतली हवा थंड करणारी कॉइल स्वच्छ ठेवायचं, पीएम २.५ तिच्यातून आरामात निघून जातं. त्यामुळे "फिल्टर आहे ना" या प्रश्नाला नेहमी हो असंच उत्तर येणार. विचारायचं असं की बारीक कणांसाठी वेगळा फिल्टर कुठला आहे, काढून दाखवा.

काढून दाखवला की दोन गोष्टी बघा. तो हवा आत येण्याच्या पूर्ण जागेवर पसरलाय की जाळीच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची पट्टी चिकटवलीय? पट्टी असेल तर हवा मोकळ्या वाटेने जाणार, पट्टीतून जाणार नाही, आणि मग पाकिटावर ९९ टक्के लिहिलं असलं तरी ते पट्टीतून गेलेल्या तेवढ्याच हवेबद्दल असतं, खोलीबद्दल नाही. दुसरं, तो धुवायचा आहे की बदलायचा. बदलायचा असेल तर सुटा मिळतो का आणि किती महिन्यांनी बदलायचा हे घेण्याआधी विचारून ठेवा, नंतर विचारलं तर उशीर झालेला असतो.

'हेपा' (अतिशय दाट फिल्टरचा एक वर्ग) शब्द दिसला तर जरा थांबा. खऱ्या हेपाची अट कडक आहे, अमेरिकेच्या व्याख्येत ०.३ मायक्रोमीटरच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडायला हवेत, युरोपच्या एच१३ वर्गात अडवायला सगळ्यात अवघड अशा आकाराचे ९९.९५ टक्के. इतका दाट फिल्टर पुढे ठेवला तर स्प्लिट एसीच्या ब्लोअरला हवा खेचायला जोर पुरत नाही, त्या गोल लांबट ब्लोअरचा दाब कमीच असतो. म्हणून स्प्लिट एसीत बहुतेक करून विरळ, विद्युतभारित तंतूंचा फिल्टर देतात किंवा उच्च दाबाची वीज वापरून कण पत्र्यांवर चिकटवणारा प्रकार देतात. दोन्ही चालतात, पण पहिल्याचा भार दिवस जातील तसा उतरत जातो आणि दुसऱ्याचे पत्रे वेळेवर धुवावे लागतात. आणि याच कारणामुळे स्वतःच्या डोक्याने जाळीवर जाड कापड किंवा विकत आणलेला हेपा कापून लावायचा उद्योग करू नका. हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो, पाणी टपकायला लागतं आणि खोली थंडही होत नाही.

आयनायझर असेल तर एवढंच सांगतो, तो कणांना भार देतो आणि ते भिंतीवर, सामानावर जाऊन बसतात, काही थोडे फिल्टरवर जास्त अडकतात. यातून थोडा ओझोन तयार होऊ शकतो आणि ओझोन फुप्फुसाला वाईट. कॅलिफोर्नियात घरात वापरायच्या एअर क्लीनरवर ओझोनची ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) अशी कायद्याने मर्यादा आहे, एसीच्या कागदांवर ओझोन चाचणीचा उल्लेख आहे का ते बघा. घरात दम्याचं कोणी असेल तर वेगळ्या बटणाने बंद करता येणारा आयनायझरच घ्या.

मग सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. हा आकडा सांगता आला तर कंपनी साफ करण्याबद्दल खरंच गंभीर आहे असं समजायला हरकत नाही. हिशोब सोपा आहे. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे ३६ घनमीटर. चांगल्या सफाईसाठी तासाला साधारण पाच वेळा खोलीभर हवा साफ व्हायला हवी, म्हणजे १८० घनमीटर. सीएडीआर ६० असेल तर तुम्हाला कळलं की हा एसी मदत करेल पण एकट्याच्या जोरावर होणार नाही, खोलीत वेगळा प्युरिफायर लागेल. यात वाईट काही नाही, फक्त घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

राहिलेले प्रश्न पटापट: आकडा दिसतो की नुसता रंग, आकडा वाढला की पंखा आपोआप जोरात होतो का, थंड न करता नुसती हवा साफ करायचा मोड आहे का (हा फार महत्त्वाचा, नाहीतर थंडीच्या दिवसांत सगळं बंदच राहणार), ॲपमध्ये मागच्या दिवसांचा आलेख दिसतो का, आणि सेन्सरचं झाकण घरच्या माणसाला उघडता येतं का.

पायरी ४: बसवताना

भिंतीला भोक पाडताना जी पूड उडते ती सेन्सरच्या डबीत गेली तर पहिल्या दिवसापासून आकडा बिघडतो, तेव्हा भोकं पाडून, झाडून, पुसून झाल्यावरच इनडोअर युनिट खोक्यातून काढायला सांगा. युनिटच्या बाजूला किंवा खाली बारीक फटी असलेली एक छोटी जाळी असते, तिथून सेन्सर हवा घेतो, तिच्यावर पडदा, कपाटाची कड, चिकटपट्टी काही येता कामा नये.

वर छताशी मॅन्युअलमध्ये सांगितलेलं अंतर सोडाच. स्प्लिट एसी वरून हवा घेतो आणि खालून सोडतो, वरची जागा चेपली किंवा समोर अडथळा असला तर त्याने सोडलेली हवाच फिरून परत त्याच्यात जाते. मग एसीला स्वतःचीच साफ हवा मोजायला मिळते आणि तो खुशाल हिरवा दिवा दाखवत बसतो, आणि पलंगाच्या बाजूचा कोपरा तसाच. खोलीतला पंखा हळू फिरवत ठेवला तर हवा मिसळते आणि आकडाही खरा येतो.

पायरी ५: पहिले काही दिवस फक्त बघा

लगेच काही बदलू नका. सकाळी उठल्यावर, स्वयंपाकाच्या वेळी, झाडताना, अंथरूण झटकताना, रात्री दारं-खिडक्या लावल्यावर, अशा वेळी आकडा किती असतो ते कागदावर लिहून ठेवा, बाहेरचा आकडाही लिहा. चालू केल्याकेल्या दिसणारा आकडा धरू नका, लेसर सेन्सर स्थिर व्हायला अर्धा मिनिट तरी घेतो आणि डबीत साचलेली हवा बदलायला आणखी थोडा वेळ जातो.

थोड्याच दिवसांत घराची चाल कळते. बऱ्याच घरांत असं दिसतं की बाहेरची हवा ठीक असतानाही आत आकडा उडतो तो तळण्या-भाजण्यामुळे, मेणबत्ती विझवल्यामुळे, सिगारेटमुळे किंवा स्प्रे मारल्यामुळे. आणि काही घरांत आतलं सगळं शांत असून आकडा बाहेरच्या आकड्याच्या मागोमाग चालतो, म्हणजे फटींमधून हवा येतेय. या दोन घरांचे उपाय वेगळे, पहिल्याला एक्झॉस्ट पंखा हवा, दुसऱ्याला दाराखिडक्यांच्या फटी बुजवायला हव्यात, आणि दोघांनाही नुसता महागडा फिल्टर देऊन भागणार नाही. सेन्सरचे पैसे खरे इथे वसूल होतात.

पायरी ६: अर्ध्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजा

हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, घड्याळ आणि कागद एवढंच लागतं. दम्याचं माणूस आणि लहान मुलं त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा.

दारं-खिडक्या बंद करा आणि आकडा स्थिर होऊ द्या, समजा तो २० आहे. आता एक-दोन मेणबत्त्या लावून विझवा, विझताना जो धूर निघतो तो पुरतो. पडद्यापासून लांब, ताटलीत, आणि समोर उभं राहून. डिओ किंवा कुठलाही स्प्रे यासाठी वापरू नका, त्याचे थेंब हवेतच सुकून जातात आणि आकडा फिल्टरशिवायच पडतो, मग टेस्ट उगाच छान दिसते. खोलीतला पंखा हळू चालू ठेवा म्हणजे धूर सगळीकडे पसरेल. आकडा वर जाऊन स्थिर झाला, समजा १४०, की एसी हवा साफ करायच्या मोडवर, त्याचा पंखा पूर्ण वेगात, आणि घड्याळ लावा.

अर्धं म्हणजे ७० नाही, इथे लोक चुकतात. आधीचे २० तर होतेच, आपण वाढवले १२०, त्याचे अर्धे ६०, म्हणजे आकडा ८० वर यायला किती मिनिटं लागली ते बघायचं. मग ४२ ला त्या मिनिटांनी भागा. उत्तर येतं ते म्हणजे तासाला किती वेळा खोलीभर हवा साफ होतेय. १४ मिनिटं लागली तर ४२ भागिले १४, म्हणजे तीन. आठ-साडेआठ मिनिटांत अर्धं झालं तर पाच, उत्तम. ४० मिनिटं लागली तर जेमतेम एक.

पण थांबा, काहीच केलं नाही तरी धूर थोडा फटींमधून जातो आणि थोडा खाली बसतो. म्हणून तीच टेस्ट फिल्टरशिवाय परत करा, साफ करायचा मोड बंद करून, किंवा साधा पट्टीसारखा फिल्टर असेल तर तो काढून, जाळी तेवढी ठेवून, नुसता फॅन मोड लावून. समजा त्यात ४२ मिनिटं लागली, म्हणजे एक. तीनातून एक गेला, दोन उरले, तेवढं काम फिल्टरचं. ३६ घनमीटरची खोली गुणिले दोन, ७२, हा तुमच्या घरातला, तुमच्या भिंतीवरचा सीएडीआर. कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. आणि दोन्ही वेळा जवळपास सारखीच मिनिटं आली तर समजा की फिल्टर फक्त शोभेचा आहे.

मग एकदा एसीचा पंखा हळू ठेवूनही करून बघा, कारण कंपन्यांचे आकडे पूर्ण वेगाचे असतात आणि आपण झोपतो ते हळू वेगावर. बऱ्याच जणांना इथे आश्चर्य वाटतं, वेग कमी केला की सफाई इतकी कमी होते की रात्रभरात फारसा फरकच पडत नाही. मिनिटं तारखेसकट लिहून ठेवा, पुढे लागतील.

पायरी ७: रोज कुठला मोड

थंड करताना ऑटो पंखा लावला तर खोली गार झाली की एसी पंखा हळू करतो, त्याचं लक्ष तापमानावर असतं. काही मॉडेलांमध्ये सेन्सर पंख्याला वर ढकलू शकतो, काहींत नाही, नसेल तर आकडा जास्त असताना वेग हाताने वाढवा आणि तापमान एखादा अंश वर ठेवा म्हणजे फार गारठणार नाही. ड्राय मोडमध्ये पंखा मुद्दाम हळू असतो, त्यामुळे तो लावून हवा साफ होईल अशी अपेक्षा धरू नका. नुसता फॅन किंवा साफ करायचा मोड लावला तर कॉम्प्रेसर बंद राहतो आणि वीज खूपच कमी लागते, तो तासन्तास चालू ठेवायला हरकत नाही, फक्त थंड करून लगेच फॅनवर टाकलं तर कॉइलवरचं ओलं परत हवेत येतं, थोडा वेळ दमट वाटतं आणि आकडाही किंचित चढू शकतो. ते धरू नका.

झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास पूर्ण वेगात चालवून आकडा खाली आणा आणि मग वेग कमी करा. रात्रभर हळू चालवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

पायरी ८: हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक असं नाही

हे नीट वाचा. हा सेन्सर कण बघतो, वायू बघत नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. विंडो एसीला एक छोटी खिट्टी असते, ती उघडली तर थोडी अदलाबदल होते, तेवढंच. त्यामुळे बंद खोलीत दोन-तीन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, बाहेर तो साधारण ४२० पीपीएम असतो आणि बंद खोलीत रात्रभरात १००० च्या पुढे सहज जातो. सकाळी डोकं जड, आणि एसीवर मात्र हिरवा दिवा. म्हणून दिवसातून बाहेरचा आकडा कमी असेल ती वेळ शोधा आणि तेव्हा खिडक्या उघडा. बाहेर १५ आणि आत ४० असताना खिडकी बंद ठेवून फिल्टर दामटण्यात काही अर्थ नाही. बाहेर दिवसभर खराबच असेल तर थोडा वेळ उघडा, बंद करा आणि मग एसी पूर्ण वेगात लावून आकडा उतरवा, आता तुम्हाला माहीतच आहे किती मिनिटं लागतात ते.

रंगाचा, प्लायवुडचा, नवीन फर्निचरचा वास म्हणजे वायू, तोही याला दिसत नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड तर अजिबातच नाही. बंद एसीच्या खोलीत कोळसा, लाकूड, गॅसचा हीटर असलं काहीही पेटवायचं नाही, सेन्सर हिरवा दाखवत असताना माणसाचा जीव जाऊ शकतो. घरात जळणारं इंधन असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लावा.

पायरी ९: सेन्सरची साफसफाई

डबीच्या आत भिंगावर धूळ बसली की आकडा एकतर कायम चढा राहतो, नाहीतर कायम एक-दोनवर अडकतो. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी, किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तसं, साफ करा. आधी मेन स्विच बंद, नुसता रिमोटने बंद केलेला चालणार नाही. बाहेरची जाळी मऊ ब्रशने झाडा किंवा व्हॅक्युम क्लीनर लांबून धरून धूळ ओढून घ्या. सेन्सरचं छोटं झाकण उघडत असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर आतलं भिंग कापसाच्या कोरड्या काडीने हलक्या हाताने पुसा. पाणी, साबण, स्प्रे काही नाही, आणि जोराची फुंकर किंवा ब्लोअर आत मारू नका, धूळ आणखी आत जाऊन बसते.

सर्व्हिसवाला जेट पंप लावून कॉइल धुतो तेव्हा सेन्सरचा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला आधीच दाखवा सेन्सर कुठे आहे ते, आणि त्याच्यावर प्लास्टिक गुंडाळायला लावा. धुवून झाल्यावर पूर्ण सुकू द्या आणि प्लास्टिक काढलंय का हे स्वतः बघा. फिल्टर धुवायचा असेल तर सावलीत वाळवा, आणि न धुवायचा फिल्टर धुवू नका, भारित तंतूंचा फिल्टर पाण्यात गेला की दिसायला स्वच्छ होतो पण कण धरायची ताकद गेलेली असते.

पायरी १०: आकड्यावर शंका आली तर

आधी बघा आकडा हलतो का. विझवलेल्या मेणबत्तीचा धूर खोलीत पसरूनही पाच-दहा मिनिटांत जराही हलला नाही तर डबी साफ करा, तरी नाही हलला तर सेन्सर गेला असं समजून कंपनीला बोलवा. आकडा हलतो पण फार चढा वाटतो, तर हातात धरायचा साधा लेसर मॉनिटर कोणाकडून तरी आणून एसीच्या वरच्या हवा-ओढ बाजूला, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, गार हवेच्या झोतात नको. दहा-पंधराचा फरक सोडून द्या. दोघं एकदम चढतात आणि एकदम उतरतात ना, मग सेन्सर ठीक आहे. तोच मॉनिटर नंतर उशीच्या उंचीवर ठेवून बघा, एसी वर भिंतीला आहे आणि तुम्ही श्वास खाली घेताय, दोन्हीतला फरक सतत मोठा येत असेल तर हवा मिसळत नाहीये, पंख्याचं आणि झोताच्या दिशेचं काहीतरी करायला लागेल.

सेन्सरमधला लेसरही झिजतो. काही सेन्सर सतत चालवले तर तीनेक वर्षं धरायची, काही बनवणारे दहा वर्षांच्या वर सांगतात, म्हणून वॉरंटीत सेन्सर धरलाय का ते कागदावर वाचा, तोंडी हो म्हणाले त्यावर जाऊ नका. आणि फिल्टर बदलला, धुतला किंवा मोठी सर्व्हिस झाली की मेणबत्तीची टेस्ट परत करा. आधी १४ मिनिटं लागायची आणि नवा फिल्टर टाकूनही २५ लागतायत तर एकतर फिल्टर नीट बसला नाही नाहीतर वेगळाच कुठला तरी बसवलाय, आणि हे सर्व्हिसवाला घरातून निघायच्या आत कळलेलं चांगलं.